आकडा कुणाचा, सही कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आजचा विषय नुसता सांगितला तर काही जण रेडिओ बंद करतील, अशी मला धास्ती आहे. अनेक देशांनी मिळून उभ्या केलेल्या, पण कुठल्याच एका देशाच्या नसलेल्या नियामक संस्था असतात. त्यांच्या हाती सत्ता किती सोपवावी, आणि कायदा तिथे रेघ कुठे ओढतो, असा तो विषय. कवीने या भानगडीत का पडावे? मी साधा बी.ए., कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही. पण हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. तो द्राक्षाच्या बागेतून आला, आणि नाशिककराला तेवढे कारण पुरेसे आहे.

गोष्ट २०१० च्या हंगामातली. निफाड तालुक्यातला माझा एक जुना मित्र, तीन एकर थॉमसनची बाग. माल दृष्ट लागावी असा. एकसारखे मणी, घडाला घड लागून. क्रेट भरले, पॅकहाऊसला गेले, थंड झाले, न्हावाशेवाहून बोटीत चढले. आणि काही आठवड्यांनी निरोप आला की युरोपात माल अडकला. द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आहे. त्या साली हे एकट्या माझ्या मित्राचे झाले नाही, नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी बागायतदारांचे झाले. बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

हे रसायन म्हणजे बागायतदार ज्याला नुसते ‘सीसीसी’ म्हणतात ते. एप्रिलच्या छाटणीनंतर वेल नुसताच पाल्याने माजू नये, काडीत घड तयार व्हावा, म्हणून वर्षानुवर्षे फवारले जाणारे वाढ रोखणारे औषध. ते काही चोरून मारलेले विष नव्हे. फळ तर पुढच्या छाटणीनंतर येते. पण वेल ते विसरत नाही, अंश मागे राहतो. निर्यातीपूर्वी आपल्याकडे द्राक्षाची तपासणी झालीच होती. पण ज्या रसायनांसाठी ती व्हायची त्या यादीत सीसीसी नव्हते, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. इथे पास झालेला माल तिथे नापास झाला तो असा.

युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेलीच नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम, दहा कोटींत एक. तेरा टनांचा कंटेनर धरला तर सगळ्या कंटेनरमध्ये मिळून १३० मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या चिमूटभर मिठाहूनही कमी. मी हा हिशेब मित्राच्या ओसरीवर बसून कागदावर केला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “भाई, कमी-जास्तीचं राहू दे. हा आकडा ठरवला कुणी? आणि त्याला जाऊन विचारायचं कुठं?”

त्याला उत्तर द्यायला मला बराच काळ लागला. जे सापडले ते आज तुम्हाला सांगतो.

पूर्वी युरोपातला प्रत्येक देश आपापल्या मर्यादा ठरवी. जर्मनीची एक, हॉलंडची दुसरी. २००५ साली युरोपीय संघाने ३९६ क्रमांकाचा नियम केला आणि १ सप्टेंबर २००८ पासून सगळ्या सदस्य देशांसाठी एकच यादी लागू झाली. तेव्हा ते सत्तावीस देश होते. सत्तावीस राजधान्यांत विखुरलेला अधिकार एका जागी गेला. आता ती जागा नेमकी कोणती? मला वाटले होते, इटलीतल्या पार्मा गावची युरोपीय अन्नसुरक्षा संस्था. २००२ साली कायद्याने स्थापन झालेली, शास्त्रज्ञांनी भरलेली. (तिचे कार्यालय पार्माला असावे की फिनलंडच्या हेलसिंकीला यावरून दोन देशांत बरीच ओढाताण चालली होती. डिसेंबर २००३ मध्ये पार्माची सरशी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणावरून भांडणारे काही आपणच नाही.) पण खोलात गेल्यावर कळले, की ही संस्था आकडा ठरवतच नाही. ती अभ्यास करते आणि मत देते. आकड्यावर सही होते ती ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाची, आणि तीही सदस्य देशांच्या प्रतिनिधींची समिती बसल्यावर.

असे का? सगळे ज्ञान पार्माकडे, मग सही ब्रुसेल्सची का? शास्त्रज्ञांवर विश्वास नाही म्हणून? तसे नाही. याचे मूळ एका भंगाराच्या खटल्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सहा देशांनी मिळून कोळसा आणि पोलादाचा संघ केला. आजच्या युरोपीय संघाची ती पहिली वीट. पोलाद वितळवायला भंगार लोखंड लागते, आणि बाहेरून आणलेले भंगार महाग पडे. तेव्हा योजना अशी निघाली, की सगळ्या कारखानदारांकडून वर्गणी घ्यायची आणि त्यातून आयात भंगाराचा जादा खर्च भरून काढायचा. कुणी किती भरायचे हे ठरवायचे काम संघाच्या मुख्य सत्तेने ब्रुसेल्समधल्या दोन संस्थांकडे सोपवले. त्या बेल्जियमच्या खासगी कायद्याखाली नोंदलेल्या होत्या. इटलीतल्या मेरोनी नावाच्या कारखान्याला पाच कोटी लिरांहून अधिक रकमेची मागणी आली. कारखानदार न्यायालयात गेला. त्याचा प्रश्न, नीट बघितला तर, माझ्या मित्राचाच होता. हा आकडा ठरवला कुणी, आणि कुठल्या हिशेबाने?

१३ जून १९५८ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, आणि तो मेरोनीच्या बाजूने गेला. निकाल लांबलचक आहे. मला समजले ते साध्या शब्दांत सांगतो. जो अधिकार तुमच्याकडेच नाही तो तुम्ही दुसऱ्याला देऊ शकत नाही. तुमच्यावर जी बंधने आहेत, म्हणजे निर्णयाची कारणे द्यायची, आकडेवारी जाहीर करायची, न्यायालयात जाब द्यायचा, ती अधिकाराबरोबर त्या दुसऱ्यावरही जातात. कामाची अंमलबजावणी सोपवा, तिची हद्द स्पष्ट आखून द्या. पण ज्यात निवड करायची आहे, याचे हित धरू की त्याचे, असे तोलायचे आहे, ते तोलणे दुसऱ्याच्या हाती दिलेत तर तुम्ही काम सोपवले नाही, जबाबदारीच हलवली.

हे वाचताना मला आपल्या मराठीतला एक शब्द आठवला. अखत्यार. ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही’, हे वाक्य कचेरीत कुणी ऐकले नाही? आणि त्याचाच सख्खा भाऊ मुखत्यार. मुखत्यारपत्र आपण सातबाऱ्याच्या कामासाठी करून देतो. दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूतून आले, फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत उतरले, आणि त्या धातूचा अर्थ आहे निवडणे. इख्तियार म्हणजे मुळात निवड. मराठी कचेरीने त्यातली निवड पुसट करून नुसता हुद्दा ठेवला. मेरोनीच्या न्यायाधीशांना हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्यांचे बोट बरोबर तिथेच होते. मुखत्याराला काम द्या, निवड देऊ नका.

आमच्याकडे निकाहात नवरीच्या बाजूने एक वकील असतो. मी स्वतः दोन-तीनदा झालो आहे. दोन साक्षीदार घेऊन आत जायचे, अमुक मुलाशी, इतक्या मेहरला तुला हा निकाह कबूल आहे का, असे विचारायचे, आणि तिचा होकार बाहेर काजीसाहेबांसमोर आणून सांगायचा. पहिल्यांदा वकील झालो तेव्हा मांडवात मला फार मोठा माणूस झाल्यासारखे वाटले होते. वडीलधाऱ्यांनी आत जाण्याआधीच कान धरला. म्हणाले, आकडा तिचा, होकार तिचा, तू फक्त जीभ. बाहेर येऊन मेहरची रक्कम एका रुपयाने बदलण्याचा अधिकार तुला नाही. मेरोनीचा निकाल मला कुणी समजावून सांगितला असेल तर त्यांनी.

आता कुणी म्हणेल, हे युरोपचे झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडे हा प्रश्न त्याच्याही आधी आला. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे मत मागितले. कायदेमंडळाने आपला कायदे करण्याचा अधिकार सरकारला कुठवर द्यावा? दिल्ली लॉज अ‍ॅक्टचे प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. सात न्यायमूर्ती बसले आणि सातही जणांनी आपापले वेगळे मत लिहिले. कविसंमेलनातही इतके होत नाही. पण त्या सात मतांतून एक गाभा निघाला आणि तो आजवर टिकला. कायद्याचे धोरण ठरवणे हे कायदेमंडळाचे मूळ काम, ते दुसऱ्याला देता येत नाही. त्या धोरणाच्या चौकटीतला तपशील भरायला देता येतो.

माझ्या मित्राच्या प्रश्नाला याहून जवळचा निकाल १९६७ चा आहे, शामराव विरुद्ध पाँडिचेरी. पाँडिचेरीच्या विधानसभेने विक्रीकराचा स्वतःचा कायदा लिहिण्याऐवजी शेजारच्या मद्रासचा कायदा उचलला. उचलला यात वावगे काही नव्हते. पण त्यांनी लिहिले, की आमचा कायदा ज्या दिवशी अमलात येईल त्या दिवशी मद्रासमध्ये जसा असेल तसा. मधल्या काळात मद्रासने आपला कायदा बदलला. म्हणजे पाँडिचेरीच्या आमदारांनी जो मजकूर पाहिलाही नव्हता तो पाँडिचेरीच्या व्यापाऱ्यांना लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले, की ही सरळसरळ शरणागती आहे, हा कायदाच नव्हे.

आता पाँडिचेरीच्या जागी नाशिक ठेवा आणि मद्रासच्या जागी ब्रुसेल्स. उद्या आपल्या संसदेने लिहिले, की युरोप वेळोवेळी जो आकडा ठरवील तोच भारतात कायदा, तर त्या निकालापुढे ते टिकवणे अवघड जाईल, असे माझ्या अल्पमतीला वाटते. परदेशाशी करार करणे सरकारच्या हाती आहे आणि २५३ व्या कलमाखाली संसद करारासाठी कायदाही करू शकते. पण कायदा करावा तो तिनेच.

प्रत्यक्षात आपण तसे लिहिलेले नाही. देशात विकायच्या द्राक्षाला आपल्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे आपले आकडे आहेत. युरोपचा आकडा लागतो तो युरोपला माल पाठवणाऱ्याला. गिऱ्हाइकाची अट आहे, पटली तर विका. २००३ साली हॉलंडमध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, त्यानंतर २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट सुरू केले. बागेची नोंदणी, प्लॉटला क्रमांक, नमुना, प्रयोगशाळा, सगळे संगणकावर. कंटेनरमधला घड कोणत्या बांधावरचा हे शोधता येते. ही व्यवस्था चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. दर हंगामात निर्यातीची कार्यपद्धती निघते आणि तिला रसायनांच्या याद्या जोडलेल्या असतात. कायद्याच्या दृष्टीने त्यात शरणागती नाही.

मग गडबड कुठे झाली? मला वाटते ती याद्यांच्या मधल्या जागेत झाली. परक्या आकड्याला आपल्या यादीत उतरवून घेण्याचे काम आपल्याकडे कुणाचे तरी असते. तो आकडा आपल्याकडे आला की तो आपला होतो. तो वेळेत आला का, शेतकऱ्याला छाटणीच्या आधी कळला का, कळला नसेल तर का नाही, हे विचारायला दार असले पाहिजे. २०१० साली एप्रिलची छाटणी होऊन, फवारे मारून, फळ बोटीत चढल्यावर आकडा कळला. ब्रुसेल्सच्या आयोगाला आपण निवडून देत नाही हे खरे. पण ब्रुसेल्सचा आकडा इथल्या कागदावर उतरवणारा तर आपला आहे ना? ‘हे युरोपचे आहे, आमच्या अखत्यारीत नाही’, असे म्हणून त्याला सुटता येऊ नये.

थेट युरोपात दाद मागता येईल का? तेही पाहिले. १९६२ साली हॅम्बुर्गच्या प्लाउमान नावाच्या फळ आयातदाराने संत्र्यासारख्या क्लेमेंटाइन फळावरच्या जकातीविरुद्ध युरोपीय न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्याला दारातच थांबवले. ही फळे कुणीही, केव्हाही आयात करू शकतो, तेव्हा हा निर्णय तुमच्या एकट्याच्या अंगावर आलेला नाही, असे कारण दिले. २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन तहाने हे दार थोडे किलकिले झाले. पण हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याला जिथे उंबरा ओलांडता आला नाही तिथे निफाडच्या माणसाने काय करावे? जागतिक व्यापार संघटनेत तक्रार फक्त सरकार करू शकते, आणि तिथले अपिलाचे मंडळ न्यायाधीशांच्या नेमणुका अडल्याने डिसेंबर २०१९ मध्ये बंद पडले. एक वाट मात्र खरी आहे. युरोपच्याच नियमात बाहेरच्या उत्पादकाला आयातीसाठी वेगळी मर्यादा मागता येते. त्यासाठी बागेतल्या चाचण्यांचे आकडे, विषारीपणाचे अभ्यास, असा गठ्ठा लागतो. एका शेतकऱ्याच्या आवाक्यातले हे काम नाही. संघाचे आहे, विद्यापीठाचे आहे, सरकारचे आहे.

याच्या उलटही एक घडले आहे, ते मुंबईत. रोख्यांचे आणि परकीय चलनाचे व्यवहार चुकते करणाऱ्या आपल्या संस्था आहेत. त्यात युरोपच्या बँकाही व्यवहार करतात. पॅरिसच्या युरोपीय रोखे नियामक संस्थेला या संस्थांवर देखरेखीचा अधिकार हवा होता. आपल्या नियामकांनी मान्य केले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या संस्थेने क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियासह सहा भारतीय संस्थांची मान्यता ३० एप्रिल २०२३ पासून काढून घेण्याचे जाहीर केले, तरी आपल्याकडची भूमिका अशी, की इथल्या संस्थांवर लक्ष ठेवायला रिझर्व्ह बँक आणि सेबी समर्थ आहेत. रोख्यांच्या बाजूने रिझर्व्ह बँक उभी राहते. द्राक्षाच्या बाजूने कोण उभे राहते, असे मित्राने मला विचारले तेव्हा मी विषय बदलला.

हीच पॅरिसची संस्था आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिला बाजारातल्या काही व्यवहारांवर थेट बंदी घालण्याचा अधिकार मिळाला तेव्हा खुद्द ब्रिटनने मेरोनीचा दाखला देऊन दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. अधिकाराच्या अटी बारकाईने बांधलेल्या आहेत आणि निर्णयाची तपासणी न्यायालय करू शकते, तेव्हा चालेल, असे सांगितले. म्हणजे १९५८ ची रेघ पुसली नाही, पण थोडी सरकली. ब्रिटन पुढे २०२० मध्ये संघातूनच बाहेर पडले. त्याला पुष्कळ कारणे होती, पण परक्याच्या हाती गेलेली निवड हा सल त्यात होताच.

एक गोष्ट मात्र मित्रालाही आवडली नाही, तरी मी त्याला बोललो. तो आकडा परका असेल, पण तो अगदीच आपल्याविरुद्ध नाही. युरोपातल्या पोराने द्राक्ष खाण्याआधी दहा प्रयोगशाळा मधे उभ्या राहतात. आपली पोरे हातगाडीवरून घेतात आणि नळाखाली धुऊन खातात. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके बांधून फवारणारा मजूर तर त्या औषधाच्या धुक्यातच उभा असतो. त्याचा आकडा कुणी काढला? युरोपच्या मर्यादेला शिव्या देताना आपली मर्यादा आपण किती काटेकोर पाळतो, हेही विचारावे लागेल. तो गप्प बसला, मग म्हणाला, “घरच्यासाठी एक ओळ मी वेगळी ठेवतो, तिच्यावर कमी मारतो.” हे उत्तर मला त्या दिवशी फार जड गेले.

मित्राने त्यानंतरही बाग मोडली नाही. औषधांच्या खोलीच्या दारावर त्या हंगामाची यादी चिकटवलेली असते. फवारणीची वही पूर्वी मुलगा भरायचा, आता सून भरते, तारीख, औषध, प्रमाण, काढणीला किती दिवस बाकी, सगळे. एका चर्चासत्राला तो मलाही घेऊन गेला होता. साहेबांनी पडद्यावर नवी यादी दाखवली, युरोपने काय काय बदलले ते सांगितले. शेवटी काही शंका, असे विचारल्यावर मित्र उभा राहिला. मला वाटले, औषधाचे विचारील. त्याने विचारले, “साहेब, या यादीखाली सही कुणाची आहे?”

साहेबांनी हातातले कागद उलटून पाहिले. मग पुन्हा पहिल्या पानावर आले, आणि बघू लागले.